आधी कोणाचा विमा

सरकारी विमा कार्यालयातल्या बाकावर शेजारचे गृहस्थ माझा अर्ज चोरून वाचत होते. मी फाइल छातीशी धरली.

"माफ करा," ते म्हणाले, "तुमच्या कारखान्यात माणसं किती, एवढंच बघत होतो."

"का? नोकरी हवीय?"

"आता कोण देणार..." ते हसले. आधी डोळे हसले, मग ओठ.

मी गणवेश शिवणाऱ्या मोठ्या कारखान्यात कटिंग करायचे. पासष्टी आली होती, निवृत्तीला दीड वर्ष होतं. ते चष्म्याची भिंगं घासायचे, अकरा माणसांच्या छोट्या कारखान्यात. नियम असा, की पासष्टीनंतरही नोकरी चालू असेल तर मोठ्या कंपनीत उपचाराचा खर्च आधी कंपनीचा विमा उचलतो, छोट्या कंपनीत आधी सरकारी. "आपला विमा आहे ना, सरकारी नोंदणी कशाला?" असं त्यांचा मालक म्हणाला आणि त्यांनी नोंदणीची मुदत जाऊ दिली. आता हृदयाची झडप बदलायची होती.

"कंपनीचा विमा म्हणतो, आधी सरकार. सरकार म्हणतं, तुम्ही आमच्या यादीतच नाही. मी आपला मधल्या मध्ये लटकतोय."

खिडकीपलीकडच्या बाईंनी सांगितलं, पुढची नोंदणी वर्षअखेरीस. लाभ मिळायला आठ महिने. "बरं," म्हणून ते उठले आणि बाकाची कड धरून उभे राहिले. मी न विचारताच त्यांचा कोपर धरला.

मग दर शनिवारी आम्ही भेटू लागलो. अर्ज लिहायचो, अर्ज फेटाळले जायचे. एकदा त्यांनी माझा चष्मा मागून घेतला आणि रुमालाने हळुवार पुसला.

"किती ही धूळ! मी नीट दिसत तरी होतो का?"

"धुळीत बरे दिसत होतात," मी म्हणाले. कान मात्र तापले... या वयात!

तिसऱ्या महिन्यात त्यांना एका दमात वाक्य पुरं करता येईना. त्या शनिवारी मी बोलून टाकलं, "माझ्याशी लग्न करा. नवऱ्याला माझ्या कंपनीचा विमा लागू होतो. आमची कंपनी मोठी, आधी तीच खर्च उचलेल."

"विम्यासाठी लग्न?"

"नाही... विमा आहे म्हणून विचारायचं धाडस झालं."

ते स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाले, "महिनाभर मीच शब्द जुळवतोय. पण आजारी माणसानं कुठल्या तोंडानं विचारायचं?"

"आई, तो तुझा विमा बघून आलाय," मुलगी फोनवर म्हणाली. नोंदणी विवाहाला ती आलीच नाही.

त्यांच्या नावाचं विम्याचं कार्ड यायला सहा आठवडे लागले. ते हातात धरूनच मी यांच्याबरोबर डॉक्टरांसमोर बसले. त्यांनी तपासण्या पाहिल्या, पुन्हा पाहिल्या.

"तीन-चार महिने आधी आला असतात तर... आता हृदय शस्त्रक्रिया सोसणार नाही."

कार्ड मी अजून पुढे केलेलंच होतं. डॉक्टरांनीच माझा हात हळूच खाली केला.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "आता लेकीला सांगा, विम्यासाठी केलं नव्हतं म्हणून."

मला हसायचं होतं. पण मी भिंतीला टेकून, चारचौघांत, लहान पोरीसारखी रडले.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. प्रत्येक वळणावर हे थांबायचे, मी थांबायचे. दुसऱ्या मजल्यावर माझ्या केसांत अडकलेला दोरा त्यांनी अलगद काढला.

"दमलात?" मी विचारलं.

"छे. तुम्ही?"

"खूप."

आम्ही पायरीवरच बसलो. त्यांचा श्वास माझ्या खांद्याशी वर-खाली होत होता.

"चला, वर जाऊ या," थोड्या वेळाने मी म्हणाले.

"वर जायची एवढी कसली घाई?" ते हसले... आणि आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

मी त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. खालून कुणी जिना चढत आलं, "काय झालं?" म्हणालं. आम्ही सरकून वाट दिली आणि तिथेच बसून राहिलो.