अमीनाबीच्या काकड्या

शालिग्राम हिरूळकर बैलांच्या दमणीतून उतरला आणि रामरामाच्या आधीच त्यानं विचारलं, "मेलं कोणी?"

"नाही," रामकिसन मास्तर म्हणाला. "पाटलाची भावजय अजून अंथरुणाला खिळली आहे. बाकी आठ जण सावरले."

शालिग्राम पूर्वी पोलिसात होता. साहेबाशी पटेना म्हणून नोकरीवर लाथ मारून तो वाशीमला खाजगी तपासाची कामं घेऊ लागला होता. रामकिसन त्याचा शाळेतला सोबती, आता आसेगावचा मास्तर. गावात धड वाचता येणारा तो एकटाच. त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्याला आवडायचंही.

प्रकरण असं झालं होतं. गुरुवारी उकंडराव पाटलाकडे नातवाचं बारसं होतं. पहिली पंगत उठते न उठते तोच आत चुलीपाशी नऊ जणांना ओकाऱ्या सुरू झाल्या, त्याही हिरव्या-निळ्या. सगळ्यांनी मिळून बोट दाखवलं ते काकड्यांकडे. काकड्या आल्या होत्या अमीनाबीच्या मळ्यातून. पाटलानं निकाल दिला, की शनिवारी दिवस मावळायच्या आत खुलासा झाला नाही तर अमीनाबीनं इथं किंवा शेलूबाजारात माल घेऊन बसायचं नाही. तोवर तिच्या मळ्यावर कोतवाल बसवला होता.

"अर्धा एकर मळा आहे बिचारीचा," रामकिसन म्हणाला. "नवरा गेल्यापासून त्याच्यावरच जगते. म्हटलं, आपला माणूस आहे, बोलावून घेऊ."

बोलताना त्याची छाती जराशी फुगली. गावाच्या उपयोगी पडायचा त्याचा हा आठवड्यातला दुसरा प्रसंग होता. मागच्या शनिवारी शेतकी खात्याचं पत्रक आलं होतं. ज्वारीला काणीचा रोग लागू नये म्हणून बी मोरचुदाच्या पाण्यात, मातीच्या भांड्यात भिजवायचं. ते त्यानंच पारावर बसून वाचून दाखवलं. घरून जेवणाचं बोलावणं येईपर्यंत एक माणूस हलला नव्हता. हेही त्यानं चालता चालता शालिग्रामला ऐकवलं.

पाटील ओसरीवरच बसला होता.

"पंगतीला माणसं किती?" शालिग्रामनं विचारलं.

"चाळीस."

"त्यांना काकडी वाढली?"

"कोशिंबीर होती ना. मीबी खाल्ली."

"मग तुम्हाला काही झालं नाही?"

"मले काय धाड भरली?" पाटील म्हणाला. "ओकले थे सैपाकघरातले. सकाळपासून राबून राह्यले होते. काकड्या सोलाच्या आधी मिठासंगं एक-एक खाल्ली त्यायनं. भावजयीनं तीन खाल्ल्या."

भावजय आत भिंतीकडे तोंड करून पडली होती. "तोंडात तांब्याचा पैसा धरल्यावानी लागते जी," एवढंच ती म्हणाली.

मळ्यात अमीनाबी आंब्याखाली बसली होती. दोन दिवसांत तिनं चूल पेटवली नसावी. समोर एक मोठा मातीचा कुंडा अर्धा भरलेला होता. तोडलेल्या काकड्या रातभर पाण्यात ठेवायच्या म्हणजे बाजारात ताठ दिसतात, ही इकडच्या बागवानांची रीत.

"मी काही घातलं नाही त्यात, मास्तर," ती म्हणाली. "कुरानाची कसम. बुधवारी अंधार पडल्यावर तोडल्या, कुंड्यात ठेवल्या, सकाळी पाटलाकडे नेल्या."

"कुंडा तुमचाच?" शालिग्रामनं विचारलं.

"माहाच. मधी दोन दिवस माह्या मैतरणीनं, सोजरनं नेला होता. बुधवारी मी बाजारात असताना आनून ठेवला. भरून ठेवला, रिकामं भांडं थे कधीच वापस देत नाही."

रामकिसनला यात ऐकण्यासारखं काही वाटलं नाही. शालिग्रामनं बाही सारून कुंड्यात हात घातला आणि तळाशी चाचपलं. मूठ उघडली तेव्हा तळहातावर ज्वारीचे चार दाणे होते.

"ज्वारी पेरता तुम्ही?"

"कुठून जी? एवढ्याशा जागेत भाजीच मावत नाही."

काठावर देठं कापायचा विळा टोक पाण्यात बुडलेला असा पडला होता. त्याचं पातं टोकाकडून वीतभर लालसर झालं होतं.

"गंजलाय," रामकिसन म्हणाला.

शालिग्रामनं पात्यावरून अंगठा फिरवला. अंगठा स्वच्छ राहिला.  निघताना त्यानं कोतवालाला कुंडा संध्याकाळी पारावर आणायला सांगितलं.

शेजारच्या दिलावर बागवानाचं आणि अमीनाबीचं विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून हाडवैर होतं. रामकिसनचा सगळा संशय त्याच्यावर होता. दिलावर घरात कण्हत पडलेला होता.

"बारशाला गेला होतास?" शालिग्रामनं विचारलं.

"मले कोन बोलावते?"

"मग ओकारी कशानं झाली?"

दिलावरनं आधी छताकडे पाहिलं, मग बायकोकडे. "गुरुवारी पहाटे पान्याच्या पाळीले गेलो होतो," तो पुटपुटला. "तिच्या कुंड्यातली एक काकडी उचलली. भांडण हाये आमचं, अन् तिचीच काकडी चोरून खाल्ली म्हनून कोनाले सांगू?"

सोजरबाईच्या अंगणात पेरणीची ज्वारी लुगड्यावर वाळत घातली होती. माणसं दिसताच तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"सोजरबाई, बी भिजवलं वाटतं?" शालिग्राम म्हणाला.

"हो. मास्तरनं वाचलं तसंच केलं जी."

"हात दाखवा."

तिनं हात पुढं केले. नखांच्या कडा निळ्या होत्या. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. शालिग्राम तिथूनच मागं वळला.

परतताना तो म्हणाला, "ते पत्रक दाखव."

रामकिसननं शाळेच्या पेटीतून काढून दिलं. शालिग्रामनं घड्या उलगडल्या. शेवटच्या घडीशी नख घालून कागद हलकेच सोडवला, तेवढा मजकूर वाचला आणि पत्रक स्वतःच्या खिशात घातलं. रामकिसनला ते परत मागायचा धीर झाला नाही. का, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

दिवस मावळायच्या आधी गाव पाराभोवती जमलं.

"चाळीस लोकांनी सोललेली काकडी खाल्ली, ते धडधाकट," शालिग्रामनं सुरुवात केली. "नऊ जणांनी सालीसकट खाल्ली, ते ओकले. म्हणजे विष काकडीत नव्हतं, सालीवर होतं. दिलावरनं पहाटे कुंड्यातलीच काकडी खाल्ली आणि तोही ओकला. म्हणजे पाटलांच्या घरातही काही झालं नाही. विष या कुंड्यातल्या पाण्यात होतं."

गलका उठला. अमीनाबीनं मान खाली घातली.

शालिग्रामनं पाटलाचा अडकित्ता मागून घेतला आणि कुंड्यात बुडवून धरला. थोड्या वेळानं वर काढला तेव्हा लोखंडावर तांब्याचा लालसर मुलामा चढला होता.

"हे मोरचुदाचं पाणी आहे. मोरचुदात तांबं असतं, म्हणून विळा लाल, म्हणून ओकारी निळी, म्हणून तोंडात पैशाची चव. अमीनाबी ज्वारी पेरत नाही, तिला मोरचूद कशाला लागतं? पण कुंड्याच्या तळाशी ज्वारी निघाली."

तो थांबला. कोणाचं नाव घ्यायची वेळ आली नाही, सोजरबाई आपणहून उठली.

"म्या ठेवलं थे पानी," ती म्हणाली. "रिकामा कुंडा कसा द्याचा? मले वाटलं, जे बियाले खराब होऊ देत नाही, थे काकडीले काहून होऊ देईन? अमीनाचा माल दोन दिवस जास्त टिकन. सांगाले गेली तं थे बाजारात. मंग हे झालं, अन् माही जीभच उचलेना."

"म्हंजे आता हिलेच—" पाटील म्हणाला.

"थांबा," शालिग्राम म्हणाला. त्यानं खिशातून पत्रक काढलं. "मास्तर, शेवटची घडी वाचा."

रामकिसननं कागद हातात घेतला. 

"'ज्या भांड्यात बी भिजवले ते पुन्हा खाण्यापिण्याच्या कामी घेऊ नये,'" त्यानं वाचलं. "'उरलेले पाणी खड्ड्यात ओतून वर माती लोटावी. हे पाणी विषारी आहे.'"

लोकांच्या माना कुंड्याकडे वळल्या.

"घडी चिकटली असन, मास्तर," पाटील समजुतीनं म्हणाला. "तुमी तरी काय करान?"

घडी चिकटली होती, हे खरंच होतं. हो म्हटलं असतं तर गावानं मान डोलावली असती आणि घरोघरी आपल्या चुलीकडे गेलं असतं. रामकिसननं शालिग्रामकडे पाहिलं, तर तो मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

"घडी दिसत होती मला," रामकिसन म्हणाला. "खाली मजकूर आहे हेही कळत होतं. जेवायला बोलावणं आलं. म्हटलं, शेवटी काय, तेच ते असणार. मी ती उघडलीच नाही."

त्याला जमिनीनं गिळावं असं झालं. पाटील शिव्या देईल, कोणी अंगावर येईल, असं वाटलं होतं.  पण बोलली ती अमीनाबी, तेही आवाज न चढवता.

"आमाले वाचता येत नाही म्हून तुमाले बसवलं होतं, मास्तर."

पाटलानं आपला निकाल मागं घेतला. सोजरबाईला कोणी बोल लावला नाही, कुंडा मातीत पुरला. शालिग्राम दमणीत बसला तेव्हा रामकिसनला त्याच्या नजरेला नजर देता आली नाही. पण अमीनाबी अजून तिथंच उभी होती.

"जागा मिळाली, पन माल कोन घेईन?" ती म्हणाली. "पाच गावात बोभाटा झाला. बुधवारी शेलूबाजारात माह्या टोपल्यापाशी येऊन बसा. जो इचारन, त्याले तुमीच सांगा."

"येतो," रामकिसन म्हणाला.

बुधवारी शाळेला सुट्टी देऊन तो उन्हात तिच्या शेजारी बसला. गिऱ्हाईक यायचं, टोपल्याकडे पाहून पाय मागं घ्यायचं, आणि अमीनाबी नुसती त्याच्याकडे बघायची. मग तो सांगायचा. कोणाची चूक, कशी झाली, पाणी कसलं होतं, सगळं. कोणी "अरेरे" म्हणालं, कोणी हसलं. एकानं तर शेजारच्या चार माणसांना हाक मारून पुन्हा सांगायला लावलं. निम्म्या काकड्या खपल्या. चार वेळा सांगितल्यावर जीभ सरावेल असं त्याला वाटलं होतं, पण बाजार उठेपर्यंत प्रत्येक वेळी त्याची मान खालीच गेली.