पुढचं पान आधी तुम्ही वाचा

जयनगरमधल्या प्लेस्कूलच्या खिडकीला नाक लावून मी उभी होते, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “काच धुरकटली बघा... आता पुसा तरी.”

दचकून वळले. व्हरांड्यातल्या बाकावर एक उंच माणूस, मांडीवर जाडजूड कादंबरी. बाहेर भुरभुर पाऊस, आणि त्याच्या चष्म्यावर दोन थेंब.

“माझी मुलगी आहे आत,” मी तोऱ्यातच म्हणाले. “पहिला आठवडा आहे तिचा.”

“माझी भाची आहे. रक्षिता. ताईची सकाळी हॉस्पिटलात ड्यूटी, माझं ऑफिस दुपारी. मी प्रणीत, पुण्याचा.” त्यानं छत्री उचलून जागा केली. “मुलं रुळेपर्यंत पालकांनी इथं थांबायचं असतं, हे खरं. पण उभंच राहायचं असतं असं कुणी सांगितलं?”

बसले. जरासं अंतर ठेवून.

रोज तो वाचायचा, मधेच एकटाच हसायचा. मला हेवा वाटायचा. एकदा न राहवून बोलून गेले, “कॉलेजात असताना मी कादंबऱ्यांचा फडशा पाडायचे.”

“मग आता?”

“आता... भीती वाटते.”

हसेल असं वाटलं. त्यानं पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं. मग मीच सांगत गेले. अक्षरा झाल्यापासून गोष्टीतलं मूल नुसतं नदीकडे निघालं तरी माझ्या तळहातांना घाम फुटतो. पुस्तक टाकून मी तिच्या उशाशी जाते, श्वास नीट चाललाय ना बघते. तिचे बाबा आणि मी वेगळे झाल्यापासून तर... वाचते ती फक्त औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं.

“सोपं आहे,” तो म्हणाला. “पुढचं प्रकरण आधी मी वाचतो. लेकराबाळांना काही होणार असेल तर सांगेन. नाहीतर तुम्ही निर्धास्त.”

“राजाच्या आधी जेवण चाखायला माणूस ठेवायचे, तसं?”

“तसंच, महाराणी. विषबाधा झालीच तर आधी मला.”

आणि खरंच तसं सुरू झालं. घरी तो पुढचं वाचायचा, सकाळी पुस्तक माझ्या हातात. “तुम्ही वाचा. खिडकी माझ्याकडे.” नावाड्याची गोष्ट होती ती, त्याची लेक, त्याचा म्हातारा कुत्रा. आधी मी दर ओळीनंतर मान वर करायचे. मग दर पानानंतर. मग...

मग एका सकाळी तो कुत्रा मेला.

मी हमसून हमसून रडले. कितीतरी वर्षांनी... कधी नसलेल्याच एका कुत्र्यासाठी!

“तुम्ही सांगितलं नाहीत!” मी नाक पुसत भांडले.

“लेकराबाळांचं ठरलं होतं,” तो कावराबावरा झाला. “कुत्र्याचं कुठे म्हणाला होतात?”

“आई, कोण मेलं?”

अक्षरा! आमच्या दोघांच्या मधे, पाय हलवत, बिस्किट खात. शेजारी रक्षिता.

“शाळा... सुटली कधी?”

“मघाशीच,” प्रणीत हळूच म्हणाला. “तुम्ही रंगला होतात. मीच जाऊन घेऊन आलो.”

इतका वेळ मी हिला विसरले होते. छातीत धस्स व्हायची वाट पाहिली... झालंच नाही. कसलं तरी ओझं मात्र खांद्यावरून उतरलं.

तेवढ्यात रम्या टीचर बाहेर आल्या, त्यांच्या कानडी हेलात म्हणाल्या, “अय्यो अक्का, अजून बसताय? अक्षरा रुळली म्हणून परवाच सांगितलं ना! आणि प्रणीत सार, तुम्हाला तर केव्हापासून सांगतेय!” त्या हसत आत गेल्या.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल.

“तुम्हाला कधी सांगितलं होतं?”

“तुम्ही यायच्या... आधीच,” तो चष्मा पुसू लागला. “तुम्ही आलात त्या दिवशी पावसामुळे बसलो होतो. पाऊस थांबला. मग... मीही थांबलो.”

मी पुस्तक उघडलं, मिटलं.

“नावाड्याचं पुढं काय होतं?”

“माहीत नाही. आता एकच प्रकरण उरलंय... वाचवेना. संपलं तर तुम्हाला भेटायला निमित्त काय?”

“मग नको वाचूस,” मी म्हणाले. ‘तू’ कधी म्हणून गेले, कळलंच नाही. “रविवारी घरी ये. माझी आई चौकशी करून करून भंडावून सोडेल, पण उपमा छान करते. शेवटचं प्रकरण दोघं मिळून वाचू.”

“आणि त्यात काही वाईट झालं तर?”

“तर दोघं रडू. सरी?” ‘ठीक ना’साठी इथला कानडी शब्दच तोंडात आला.

“सरी,” तो म्हणाला, इतक्या अस्सल पुणेरी थाटात, की मला खळाळून हसू आलं.

दोघी मुली अंगणातल्या डबक्यात उड्या मारत होत्या. बूट चिंब, फ्रॉक चिंब. सर्दी होईल, असं मनात आलं खरं... आलं तसं गेलं.