दहा गडद रेघा

सोनखडी अणुसंशोधन केंद्राच्या उत्तर इमारतीत उपकरणशाळेपासून उपाहारगृहापर्यंत जाणारी एक मार्गिका आहे. तिची पश्चिमेकडची भिंत काळी आहे. नव्याने आलेल्या माणसाला ती ओल धरून काळवंडली असावी असे वाटते. प्रत्यक्षात साडेनऊ वर्षांपूर्वी त्या भिंतीवर मुद्दाम एक लेप दिला होता, आणि तो अजून जिवंत आहे.

जानेवारीतल्या एका सोमवारी किरण-सुरक्षा मंडळाचे मुख्य निरीक्षक डॉ. हेमंत कारखानीस या भिंतीसमोर उभे होते. केंद्राची पाच दिवसांची तपासणी त्यांनी त्याच सकाळी सुरू केली होती. शेजारी लेपाच्या निर्मात्या, जीवशास्त्रज्ञ डॉ. तेजस्विनी उईके उभ्या होत्या.

कारखानिसांची ही सोनखडीची तिसरी खेप. नऊ वर्षांपूर्वी ते इथे दोनदा आले होते, आधी नेहमीच्या तपासणीसाठी आणि तीन महिन्यांनी एका चौकशीसाठी. त्या चौकशीची फाइल या वेळी कार्यक्रमपत्रिकेत शेवटच्या क्रमांकावर होती.

प्रकरण साधे होते. किरणोत्साराजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाला छातीवर एक मात्राबिल्ला लावावा लागतो. शरीराला किती किरण लागले ते या बिल्ल्यात साठते आणि दर तिमाहीला वाचले जाते. नऊ वर्षांपूर्वीच्या एका तिमाहीत मापांकन विभागातल्या रंजना घोलप या तंत्रज्ञ मुलीचा बिल्ला बारा मिलिसिव्हर्ट निघाला. प्रकृतीच्या दृष्टीने ही मात्रा मोठी नव्हती, पोटाचा सीटी स्कॅन केला तर साधारण तेवढीच मिळते. पण तिच्या विभागातल्या बाकी सगळ्यांचे बिल्ले जवळपास शून्य होते. रंजना नोकरीला लागून तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. बिल्ला आपण कुठेही विसरलो नाही, मनाई असलेल्या खोलीत गेलो नाही, एवढेच ती सांगत राहिली. कारखानिसांनी शेरा लिहिला, ‘बिल्ला निष्काळजीपणे स्रोताजवळ ठेवला गेला असावा. कारण अज्ञात. उलगडा होईपर्यंत किरणकामावर घेऊ नये.’

रंजनाची बदली अभिलेख कक्षात झाली. सगळ्या केंद्राच्या मात्रा-नोंदवह्या ती आता सांभाळत होती. मंडळाच्या नियमाप्रमाणे दहा वर्षांत उलगडा न झालेले प्रकरण कायमचे बंद होते आणि शेरा तसाच राहतो. पुढची तपासणी दोन वर्षांनी होती. म्हणजे रंजनाला परत आपल्या कामावर जायचे असेल, तर ते याच पाच दिवसांत ठरणार होते.

“ही भिंत नेमकं काय करते?” कारखानिसांनी विचारले.

उईके म्हणाल्या, “खाते. काही बुरश्या किरणांवर पोसतात. आपल्या त्वचेत असतं तसं काळं द्रव्य त्यांच्यात असतं, ते किरणांची ऊर्जा पकडतं. अशीच एक जात मी इथे वाढवलीय. किरण जास्त पडले की त्या दिवशीचा थर जाड आणि गडद होतो. कमी पडले की पातळ.”

“दिवस कसा कळतो?”

“मार्गिकेतले दिवे सकाळी सहाला लागतात, रात्री दहाला जातात. अंधारात वाढ थांबते, तिथे एक बारीक रेघ उमटते. माशाच्या कानातल्या खड्यावर रोजची रेघ असते, तसंच. आतापर्यंत आम्हाला फक्त एकूण जाडी दिसायची. यंदा थरदर्शक यंत्र आलं आणि एकेक दिवस वेगळा वाचता यायला लागला.” त्यांनी भिंतीकडे बोट दाखवले. “बिल्ला काढून ठेवता येतो, साहेब. भिंत कुठे ठेवणार?”

कारखानीस हसले नाहीत. त्यांनी वाचन मागितले.

मंगळवारी दुपारी वाचन हाती आले तेव्हा उईकेंचाच चेहरा उतरला. ही मार्गिका नियंत्रित क्षेत्राच्या बाहेर आहे. तिथे किरण नसतात, म्हणून धोक्याची घंटा नाही आणि बिल्ला लावण्याची सक्तीही नाही. लेप इथे दिला होता तो केवळ तुलनेसाठी, निर्धोक जागेचा नमुना म्हणून. पण साडेतीन हजार पातळ थरांमध्ये दहा गडद रेघा होत्या. पहिली सर्वांत जाड, बाकीच्या नऊ तिच्या चौथाईएवढ्या. प्रत्येक रेघ एकाच दिवसाची.

उरलेली दुपार आणि बुधवारचा दिवस त्या रेघांचे कारण शोधण्यात गेला. अणुभट्टीचे वेळापत्रक जुळले नाही. उलट त्या दहाही दिवशी भट्टी बंद होती. स्रोतांची ने-आण जुळली नाही. उईकेंनी दोन रेघांमधले दिवस मोजून फळ्यावर लिहिले: ३५५, ३८४, ३५४, ३५५, ३८३, ३५५, ३५४, ३८४, ३५५. वर्षातून एकदा म्हणावे तर एकही आकडा ३६५ नव्हता.

“एखादं यंत्र असेल, ज्याचं चक्र बिघडलंय,” कारखानीस म्हणाले.

“असं नेमानं बिघडणारं यंत्र मी पाहिलं नाही,” उईके म्हणाल्या.

बुधवारी संध्याकाळी रंजना घोलप जुन्या नोंदवह्या घेऊन खोलीत आली. कारखानिसांनी तिला ओळखले, पण ओळख दाखवावी की नाही हे त्यांना ठरवता आले नाही. वह्या टेबलावर ठेवून ती जायला निघाली आणि फळ्यापाशी थांबली. कुठलाही स्तंभ दिसला की वरून खाली वाचायचा, ही तिची नऊ वर्षांची सवय होती.

“मॅडम, हे दिवस आहेत का?”

उईकेंनी मान डोलावली.

“मग हे आपल्या कॅलेंडरचं वर्ष नाही. पंचांगाचं आहे. तीनशे चौपन्न-पंचावन्न म्हणजे साधं वर्ष. आणि हे तीन मोठे आकडे आहेत ना, त्या वर्षी अधिक महिना होता.” ती जरा ओशाळली. “गावाकडे अधिकात लेकीजावयाला वाण देतात. माझ्या घरी दर तीन वर्षांनी त्यावरून भांडण होतं, म्हणून लक्षात आहे.”

उईकेंनी संगणकावर पंचांग उघडले. पहिल्या रेघेची तारीख घातली, दुसरीची घातली. चौथ्या तारखेनंतर त्यांनी थांबून मागे पाहिले. दहाही तारखांना आश्विन शुद्ध नवमी होती.

“खंडेनवमी,” रंजना म्हणाली.

कारखानिसांनी चष्मा काढून पुसला.

उपकरणशाळेचे प्रमुख कारागीर बापू सरवदे यांना बोलावणे गेले. निवृत्तीला आठ महिने उरलेले बापू हात पुसतच आले. त्यांनी जे सांगितले त्यात लपवण्यासारखे त्यांना काहीच वाटत नव्हते. खंडेनवमीला उपकरणशाळेतली सगळी यंत्रे मार्गिकेत पूर्वेच्या भिंतीशी मांडून पूजा होते. लोक समोर, म्हणजे काळ्या भिंतीकडे पाठ करून उभे राहतात. हळदकुंकू, झेंडूची फुले, आरती, मग पेढे. वीस मिनिटांचे काम.

“मापांकन-पेटीही मांडता?” कारखानिसांनी विचारले.

“ती तर मधोमध. तीच मोठी.”

मापांकन-पेटी म्हणजे शिशाचा जाड ठोकळा. किरणमापक बरोबर चालतात की नाही हे तपासण्यासाठी तिच्या पोटात सीझियमचा तीव्र स्रोत ठेवलेला असतो. तोंडाशी झडप असते आणि झडपेच्या पुढे एक वजनदार टोपण.

“टोपण घालूनच मांडत असाल.”

बापूंनी त्यांच्याकडे जरा दयेने पाहिले. “म्यानातली तलवार पुजतात का, साहेब? टोपण काढतो. आत झडप असते की बंद. कुलूप घालून किल्ली मी खिशात ठेवतो.”

“आणि किरणमापक? शाळेत पंचवीस किरणमापक आहेत. एकानेही आवाज केला नाही?”

“ते पण पूजेतच असतात ना. बॅटऱ्या काढून, फूल वाहून. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो. वर्षभर राबतात बिचारे.”

किरण मोजू शकणारे प्रत्येक यंत्र दरवर्षी त्या पेटीच्या दोन हातांवर होते, आणि वर्षातल्या नेमक्या त्या एका दिवशी ते विश्रांती घेत होते.

गुरुवारी सकाळी मापांकनाच्या बंद खोलीत दुरून यंत्रहस्ताने टोपण काढण्यात आले. झडप बंद होती, कुलूपही लागले होते. पण तिची कड झिजली होती आणि खालच्या बाजूला दोन मिलिमीटरची फट होती. किती वर्षांपूर्वीची ते सांगता येत नव्हते. गळतीची तपासणी नियमाप्रमाणे दर सहा महिन्यांनी होत असे, पण टोपण घालून. म्हणजे इतकी वर्षे झडपेचे काम टोपणच करत होते.

आता प्रश्न माणसांचा होता. पूजेला कोण कुठे उभे होते आणि कोणाला किती मात्रा लागली, हे नऊ वर्षांनंतर कोण सांगणार? बिल्ले तर नियमाप्रमाणे नियंत्रित क्षेत्राच्या दारावरच टांगलेले होते.

“भिंत सांगेल,” उईके म्हणाल्या. “पेटी पूर्वेला, भिंत पश्चिमेला, मध्ये माणसं. शरीर निम्म्याहून जास्त किरण अडवतं. जिथे माणूस उभा होता तिथे मागचा थर फिकट असणार. किती फिकट आहे त्यावरून त्या माणसाच्या छातीवर किती मात्रा पडली याचा हिशेब होतो.”

त्यांनी पहिल्या, सर्वांत जाड थराचा नकाशा काढायला घेतला. कारखानिसांनी एक अट घातली. चौकशीची फाइल पाकिटात घालून त्यावर लाख लावावी, आणि उईकेंचे आकडे कागदावर आल्याशिवाय पाकीट फोडू नये. नऊ वर्षांपूर्वीही त्यांची पद्धत अशीच काटेकोर होती.

दुपारी तीन वाजता पडद्यावर चित्र उमटू लागले. खोलीत उईके, कारखानीस आणि बापू होते. रंजनाला कारखानिसांनी स्वतः बोलावून घेतले होते. गडद पार्श्वभूमीवर फिकट आकृत्या दिसत होत्या, कुणी ताठ, कुणी एका पायावर रेललेला. मधोमध, पेटीच्या अगदी समोर, दोन आकृत्या शेजारीशेजारी होत्या. डावीकडची बुटकी होती आणि तिने दोन्ही हातांनी काहीतरी जड, चपटे धरले होते.

“आरतीचं तबक,” बापू म्हणाले. “पितळी. त्या वर्षी ते नव्या पोरीच्या हातात दिलं होतं.” मग त्यांनी हळूच रंजनाकडे पाहिले.

उईकेंनी हिशेब पुरा करून आकडा लिहिला: बारा पूर्णांक एक. त्याखाली सही केली. कारखानिसांनी पाकीट फोडले. बिल्ल्याचे वाचन बारा पूर्णांक शून्य होते.

“पण तुमच्या अंगावर बिल्ला होता कसा?” त्यांनी विचारले. “त्या दिवशी कोणीच लावला नव्हता.”

“नवी साडी होती,” रंजना म्हणाली. “पदराला लावायला पिन मिळेना. बिल्ल्याला क्लिप असते, म्हणून दारावरचा बिल्ला काढला आणि पदराला लावला. चौकशीत तुम्ही विचारलं होतं, बिल्ला स्रोताजवळ कधी नेलास. पूजेत स्रोत आहे असं कुणाच्या मनात येईल? माझ्याही आलं नाही.”

त्या दिवशी मार्गिकेत उभ्या असलेल्या एकोणीस जणांपैकी एकाच माणसाने खरे मोजले होते. बाकीच्या अठरांपेक्षा वेगळे निघाले म्हणून ते मोजमाप चूक ठरले होते.

“एक कळत नाही,” उईके म्हणाल्या. “बाकीच्या वर्षी तीनच्या आत आहे. ह्याच वर्षी एवढं का?”

“त्या वर्षी आरती उशिरा झाली. पाहुण्यांचा सत्कार होता,” बापू म्हणाले. त्यांनी घसा खाकरला. “भाषण जरा लांबलं. तास-सव्वातास. विषय सुरक्षेचाच होता.”

कारखानीस पडद्याजवळ गेले. दुसरी आकृती उंच होती. तिच्या छातीच्या मध्यावर एक गोल डाग इतर अंगापेक्षाही फिकट दिसत होता, म्हणजे तिथे शरीराच्या पुढे आणखी काहीतरी होते. तो कशाचा हे न कळूनही उईकेंनी तो मोजून ठेवला होता. हिशेबाप्रमाणे तेरा सेंटिमीटर व्यासाचा, आत पाणी असलेला गोळा.

“नारळ आहे तो,” कारखानीस म्हणाले. “तपासणी आदल्या दिवशी संपली होती. तुम्ही आग्रह केलात म्हणून एक दिवस थांबलो. शाल खांद्यावर होती, श्रीफळ हातात. ते खाली कुठे ठेवायचं कळेना, म्हणून तसंच धरून बोलत राहिलो.” त्यांनी त्या फिकट डागावर बोट ठेवले. “माझा बिल्ला विश्रामगृहात होता, बॅगेत.”

बापू जमिनीकडे पाहत राहिले.

त्यानंतरचे काम कारखानिसांनी नेहमीच्या क्रमाने केले. जुन्या फाइलीतल्या ‘कारण अज्ञात’ या शब्दांवर रेघ मारली, शेजारी कारण लिहिले, तारीख घातली. किरणकामावर परत घेण्याच्या आदेशावर सही केली. अहवालाच्या शिफारशींत दोन मुद्दे घातले. देशातल्या प्रत्येक केंद्रात नियंत्रित क्षेत्राबाहेरही एक भिंत या लेपाची असावी. आणि तिचे थर वाचण्याचे पहिले पथक सोनखडीत, रंजना घोलप यांच्या हाताखाली तयार व्हावे. पूजा बंद करा असे त्यांनी लिहिले नाही. टोपण घालून करा आणि एक किरणमापक चालू ठेवा, असे लिहिले.

“त्याला फूल वाहिलं तर चालेल?” बापूंनी विचारले.

“आवाज ऐकू आला पाहिजे, एवढंच.”

शुक्रवारी सकाळी रंजनाने मात्रा-नोंदवही टेबलावर उघडली. नव्याने मात्रा ठरलेल्या अठरा जणांची पाने आज करायची होती. तिने वहीत फूटपट्टीने रकाने आखले आणि पेन उचलून समोर पाहिले. कारखानीस खुर्चीत बसले होते.

“पूर्ण नाव?”

“हेमंत रघुनाथ कारखानीस.”

“मात्रा?”

“बारा पूर्णांक चार.”

“बिल्ला क्रमांक?”

“त्या दिवशी लावला नव्हता.”

रंजनाने ते जसेच्या तसे लिहिले. शेवटचा रकाना नोंदीच्या आधाराचा, म्हणजे मात्रा कोणत्या मोजमापाच्या बळावर खरी धरली याचा होता. तिथे तिने आपलेच नाव घातले, पुढे नऊ वर्षांपूर्वीचा आपला बिल्ला क्रमांक, आणि वही सहीसाठी त्यांच्याकडे फिरवली.