पाणी घ्या, आजी

चंद्रहास खाली उतरला तो फक्त पाण्याचा कॅन आणायला. अनिलकाका गोष्ट इथूनच सुरू करतात. मधे कोणी "खरंच?" म्हटलं, की उठून दिवा लावतात आणि गोष्ट खलास. म्हणून परवा त्यांच्या शारजाच्या बाल्कनीत, अंधारात, सान्वी आणि रुहान ही पोरं तोंड मिटून बसली होती.

गुरुवार, चौदा नोव्हेंबर, दोन हजार चोवीस. रात्रीचे साडेबारा.

चंद्रहास काकांच्या शेजारच्या दारातला. ड्राफ्ट्समन. बायको कमलिनी जाऊन आठ महिने झालेले, मुलगी पुण्याला. लोक सांगायचे, परत जा. कुठे परत जा? सव्वीस वर्षं इथे काढलेला माणूस दोन्हीकडे पाहुणाच असतो, हे त्या शहाण्यांना कोण सांगणार!

त्याचं काम चमत्कारिक होतं. इंग्लंडात समुद्रकाठी एक जुनं गाव. तिथली दोन पुरातन चर्च, आणि एकाला लागून पाद्र्याचं चारशे वर्षांचं घर. त्याला रेक्टरी म्हणतात. तिकडचे लोक यंत्र लावून भिंती, जिने, खिडक्या मोजायचे आणि लाखो ठिपके इकडे पाठवायचे. स्क्रीनवर ठिपक्यांचं अख्खं घर उभं राहायचं, त्यावरून चंद्रहासनं नकाशे काढायचे. पण आधी साफसफाई. मोजताना कोणी आड आलं तर तेही ठिपक्यांत उमटतं. ते पुसायचं.

"माणसं पुसायचा पगार घेतो मी," असं तो हसून म्हणायचा. कमलिनी गेल्यावर म्हणेनासा झाला.

रेक्टरीच्या माडीवर, समुद्राकडच्या खिडकीत, एक म्हातारी बसलेली. त्यानं पुसली. दुसऱ्या फाइलमध्ये ती होतीच. तिसऱ्याही.

त्याचा बॉस नीरव, वयानं अर्धा, पण तोंड हे एवढं. फोनवर ओरडला, "चंद्रहासजी, ये बाई अजून का आहे? क्लायंट म्हणतो, घराला अकरा वर्षं कुलूप आहे. मशीनवाल्याशिवाय आत कोणी गेलंच नाही."

"मग ही कोण?"

"नॉइज! मशीनचे फालतू ठिपके. डिलीट मारा. उद्या सकाळी क्लीन फाइल नाही आली, तर तुमचा व्हिसा मी रिन्यू करत नाही. यल्ला, चला लवकर."

व्हिसा गेला की घर गेलं. कमलिनीनं लावलेले पडदे, तिची भांडी, तिच्या हातच्या लोणच्याची तळाला उरलेली बरणी, सगळं गेलं. आणि खरं सांगायचं तर त्या म्हातारीवरही त्याचा हात चालेना. आठ महिन्यांत रात्रीचं त्याच्यासमोर येऊन बसलेलं तेवढं एकच माणूस होतं. पण व्हिसा भुताला लागत नाही. जिवंत माणसालाच लागतो.

कॅन बसवून तो खुर्चीत टेकला. एक वाजून दहा मिनिटं. फाइल उघडली.

म्हातारी होती.

रोज ती समुद्राकडे पाहायची. आज तिचं तोंड खोलीकडे होतं.

त्याच्याकडे...

मग काय मनात आलं कोण जाणे, तो उठला. कमलिनीचा नियम होता, दारी आलेल्याला कोरड्या तोंडानं पाठवायचं नाही. मग तो एसी दुरुस्त करणारा असो, नाहीतर भांडायला आलेली शेजारीण. चंद्रहासनं तिचं लग्नातलं फुलपात्र काढलं. भरलं. स्क्रीनसमोर ठेवलं.

"पाणी घ्या, आजी," तो म्हणाला. "मग जा. माझा नाइलाज आहे."

डोळे मिटले. डिलीट दाबलं.

एसीचा आवाज थांबला.

काहीच नाही...

एक घोट.

अगदी जवळ.

मग दुसरा...

त्यानं डोळे उघडले नाहीत. उजाडेपर्यंत नाही.

सकाळी खिडकी रिकामी होती. दाराला आतून कडी होती. फुलपात्र मात्र घरात कुठेही नव्हतं.

फाइल पास झाली. व्हिसा झाला. म्हातारी पुन्हा आली नाही, आणि हा रोज रात्री त्या रिकाम्या खिडकीसमोर बसून राहू लागला.

"मी झापलं त्याला," काका म्हणाले. "म्हटलं, अरे, भूत गेलं तर पेढे वाटतात, तू रडतोस काय? तर म्हणतो, अनिलभाऊ, तहानलेली होती हो. आणखी एक भांडं द्यायला हवं होतं."

"बट हू वॉज शी?" रुहानला राहवलं नाही.

"मला काय ठाऊक! तिकडच्यांनाही ठाऊक नाही. डिसेंबरात त्यांनी कुलूप काढलं, फोटो घेऊन चंद्रहासला पाठवले. त्यातला हा एक."

काकांनी मोबाइल पुढे केला. समुद्राकडची खिडकी. कट्ट्यावर बोटभर धूळ, धुळीत एकही ठसा नाही. मधोमध स्टीलचं फुलपात्र, पिऊन पालथं घातलेलं. काठाशी ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं.

सान्वीनं मोबाइल उलटा धरला. मराठी अक्षरं तिला एकेक करूनच लागतात.

"सौ..." ती वाचू लागली. "क... म..."