समोरची खुर्ची

चहा घ्या, बसा. दुकान बंद केलंय, आता कुणी येत नाही. प्रसाद, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

गेल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीचा मंगळवार. नागपूरहून जगन्नाथराव आले होते, माझ्याकडेच उतरले होते. त्यांची लेक अनया इथं अमेरिकेत पीएचडी करायची. दोनशे वर्षांपूर्वी ज्यांनी इथल्या रानांवर, पाखरांवर लिहिलं, त्यांचे मूळ कागद वाचायची. आपल्या या नोव्हाय गावात आली की माझ्या दुकानातून पोहे न्यायची, आणि बिल होईपर्यंत काउंटरवरची माझीच पेन्सिल चावत उभी राहायची. फेब्रुवारीत बर्फावरून तिची गाडी घसरली. गेली पोर.

इंजिनिअरिंग सोडून पालापाचोळा वाचते म्हणून वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. तिच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे जाताना गाडीत मला म्हणाले, "मनोहरभाऊ, ती जिथं बसायची तिथं बसून एकदा सांगायचंय. चुकलं माझं." तोंडाचं बोळकं, शब्द नीट कळत नव्हते. निघायच्या घाईत कवळी माझ्या घरी पेल्यातच राहिली होती.

पोचलो तर संध्याकाळीच मिट्ट काळोख. तिथं जुने कागद वाचायच्या खोलीत पेन, फोन, पिशवी काही नेऊ देत नाहीत. तिथल्या बाईंनी एक कोरी पेन्सिल दिली. अनयाचं टेबल दाखवलं. ती वाचायची तो खोका आणून ठेवला. मी काचेबाहेर थांबलो.

जगन्नाथरावांनी पेन्सिल टेबलापलीकडच्या खुर्चीपुढे सरकवून ठेवली. खोक्यातलं एक वाळलेलं पान बघत बसले.

समोरची खुर्ची रिकामी होती. मी बघत होतो.

मग खाली मान घालूनच ते काहीतरी बोलले.

एकदाच.

मान वर केली. खुर्चीकडे बघितलं...

खांदे हलायला लागले.

परत निघालो. मग म्हणाले, "समोर कुणीतरी लिहीत होतं. खरखर ऐकू येत होती. ती थांबली. मग चावल्याचा आवाज..."

"मग?"

"तोंडातून निघून गेलं. अनया, पेन्सिल चावू नको. लहानपणी रोज म्हणायचो ना..."

"आणि?"

"आवाज थांबला."

...

"भाऊ, जे सांगायला आलो होतो, ते राहिलंच."

मी गाडी कडेला घेतली. आतला दिवा लावला. त्यांनी मूठ उघडली. तीच कोरी पेन्सिल. टोकाला दातांचे व्रण. मी हात लावला.

ओली होती.

काय म्हणालास, प्रसाद? त्यांनीच चावली असेल?

मलाही तेच वाटलं. घरी आल्यावर मी आधी पेला बघितला.

कवळी पाण्यात होती.