घंटेऐवजी दिवा

"गाणी जरा कमी करशील... आजी घाबरते."

मी वळून बघितलं. दारात चष्मेवाला मुलगा, माझ्याच वयाचा, हातात वही. समोरच्या खोलीतल्या आजीबरोबर स्वतःही राहायला आलाय की काय, असा तळ ठोकून उभा.

"तू कोण, हेडमास्तर?"

"नातू. तू लाऊडस्पीकर दिसतेस."

मी फणकाऱ्यानं गाणी बंद केली. मला काय हौस होती? स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या त्या केंद्रात रोज चार वाजले की माझे आजोबा बेचैन व्हायचे. उठायचे, दाराकडे धावायचे, अडवलं की अंगावर यायचे. मोठ्या सिस्टरनी बजावलं होतं – हा आठवडा बघू, नाहीतर वरच्या मजल्यावर, कुलूप लावलेल्या दाराआड. म्हटलं, गाण्यांत रमतील.

तेवढ्यात कॉरिडॉरमधली घंटा केकाटली. कुणीतरी खोलीतलं बटण दाबलं होतं. आजोबा ताडकन उठले. त्यानं वहीत एक रेघ ओढली.

"सतरा. घंटा झाली की तुझे आजोबा उठतात, आणि चारनंतर घंटांची रांगच लागते. तीन दिवस मोजतोय. काय काम करायचे ते?"

"टेलिफोन एक्स्चेंजमध्ये... ऑपरेटर..."

आणि बोलता बोलता मलाच उलगडलं. ज्यांनी तीस वर्षं एक फोन वाजत ठेवला नाही, त्यांना आम्ही दंडाला धरून खाली बसवत होतो. वर माझा ढणढणाट. सख्ख्या नातीला कळलं नाही ते या उपटसुंभाला कळावं... राग आला. निदान मला तेव्हा तो रागच वाटला.

आम्ही सिस्टरना गाठलं.

"घंटा बंद ठेवली आणि कुणी पडलं तर?"

"बटण दाबलं की त्या खोलीच्या दारावरचा दिवा लागतोच ना," तो म्हणाला. "आम्ही दोघं बघत बसतो. लागला की पळत येतो."

"ही गप्प बसेल?"

"बसेन," मी म्हटलं. सिस्टर हसल्या. "चार ते पाच. आजच्यापुरतं."

आम्ही बाकावर, अनवाणी, नजर दिव्यांवर. चार दहा. चार वीस. दोनदा दिवा लागला, दोनदा तो मांजरासारखा पळाला. माझ्या पोटात शब्दांची नुसती रेटारेटी. त्यानं वही सरकवली – *पाय हलवू नकोस, बाक वाजतो.*

मी लिहिलं – *तुझं पेन वाजतं.*

इतक्यात आजोबा दारात आले. मी त्याची बाही घट्ट धरली. आजोबांनी कान देऊन ऐकलं... कुणीच बोलावत नव्हतं. ते सावकाश आत वळले.

मी बाही सोडली नाही. त्यानंही सोडवून घेतली नाही. डाव्या हातानं वेडंवाकडं लिहिलं – *मोजायची गरज कालच संपली होती.*

*मग आज कशाला आलास?*

त्यानं लिहिलं, खोडलं, परत लिहिलं – *तुझा आवाज जिन्यापासून ऐकू येतो. रोज वाट बघतो.*

माझे कान तापले. ओरडावंसं वाटलं – आणि ओरडायची सोय नाही.

पाच वाजता सिस्टर आत डोकावल्या. आजोबा खुर्चीत शांत झोपले होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"वरच्या मजल्याचं राहू दे," त्या हळूच म्हणाल्या. "उद्यापासून रोज बसाल?"

आम्ही दोघांनी एकदम माना हलवल्या. त्या गेल्या तशी मी त्याच्या कानाशी वाकले, जन्मात बोलले नव्हते इतक्या हळू म्हणाले,

"उद्या साडेतीनला ये. चारनंतर बोलता येणार नाही."