हातांना आठवलेली बोली

चार वर्षांची होईपर्यंत जी बोली मी घडाघडा बोलत होते, ती चंद्रावर सहा वर्षं राहून गेली कुठे? इथे सगळ्यांचं वजन कमी होतं. शब्दही हलके होऊन उडाले की काय?

मी नेत्रा. आई इथल्या वसाहतीत इंजिनियर आहे. माझा आजो, म्हणजे आजोबा, देवगडला समुद्राकाठी राहतो आणि मालवणीच बोलतो. मागच्या रविवारी मला त्याला सांगायचं होतं, की मला तुझ्याकडे यायचंय. मी एकेक शब्द जुळवत बसले. शेवटी आजोच म्हणाला, "रवांदे गो. तुझ्या भाषेत बोल." त्याचा आवाज पडला होता. फोन ठेवून मी खूप रडले.

म्हणून आमच्या यंत्रमानवाला, चिकूला, मी गुरू केलं. त्याने चारशे मालवणी शब्द पाठ करून घेतले, वर डोक्यावर संवेदक टोपी (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारी) चढवली. बोलताना पडद्यावर कपाळामागचा भाग उजळायचा आणि मी ततपप करायचे.

"हे सजग शिकणं (मुद्दाम लक्ष देऊन शिकणं)," चिकू म्हणाला. "शब्द शोधायचा, तपासायचा, मग बोलायचा. वेळ लागणारच."

शनिवारी सामान बांधायचं जाळं फाटलं. आईने ते दुरुस्तीला, जाळं विणायच्या लाकडी सुईसकट, माझ्यापुढे टाकलं. टोपी काढायची राहूनच गेली. मी सुई धरली, गाठ मारली आणि तोंडातून निघालं, "ओढ गो, घट ओढ!" मला मांडीवर घेऊन, हातात माझी छोटी सुई देऊन जाळं विणताना आजो हेच म्हणायचा.

"पडदा बघ!" चिकू ओरडला. कपाळामागचा उजेड मंदावला होता, मेंदूचा खोल भाग उजळला होता. "हे अजाण शिकणं (नकळत होणारं शिकणं). बाळ नुसतं ऐकतं, पण कुठल्या आवाजामागून कुठला येतो, हे मेंदू टिपत राहतो. ती वाट बुजते, पुसली जात नाही."

"मग तुझी यादी वाया गेली म्हणायची!"

"मुळीच नाही. बोलून बोलून तेही शब्द या वाटेला लागतील."

रविवारी मी जाळं घेऊनच फोनसमोर बसले. गाठी मारत राहिले, शब्द शोधलेच नाहीत.

"आजो, माका तुझ्याकडे येवचा हा."

पृथ्वीवरून उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. तेवढ्यात मी आणखी एक गाठ मारली.

"इलंस गो बाय?" आजो म्हणाला, जणू मी त्याच्या दारात येऊन उभी होते. "तुझी सुई सांभाळून ठेवलंय."